नात्यांचा नकाशा काढणाऱ्या इरावतीबाई

एक छोटं काम करून बघा. कागद घ्या आणि तुमच्या घरच्या लग्नाला हमखास येणाऱ्या वीस माणसांची यादी करा. फक्त नावं लिहू नका, प्रत्येकापुढे नातं लिहा. आत्या, मामेभाऊ, चुलत आजी, मावशीची जाऊ, बाबांच्या मामाचा मुलगा. आठ-दहा नावांनंतर पेन अडखळेल. 'हे आपले नक्की कोण?' असा प्रश्न पडेल आणि तुम्ही आईला हाक माराल.

आता कल्पना करा, एक बाई हीच यादी घेऊन भारतभर फिरतेय. गुजरातेत, कर्नाटकात, ओडिशात, केरळात. प्रत्येक ठिकाणी विचारतेय, की तुमच्याकडे बापाच्या बहिणीला काय म्हणतात? तिच्या मुलाशी लग्न चालतं का? लग्न झालेली मुलगी माहेरच्या गावात डोक्यावर पदर घेते का? लोक हसत असतील, काही वैतागत असतील. पण त्या उत्तरांमधून शेवटी एका देशाचा नकाशा तयार झाला. तो डोंगर-नद्यांचा नव्हता, नात्यांचा होता.

त्या बाईचं नाव इरावती कर्वे. शाळेत 'युगान्त'मधला एखादा उतारा वाचला असेल, किंवा घरातल्या कपाटात ते पुस्तक बघितलं असेल. भारतातल्या पहिल्या महिला मानववंशशास्त्रज्ञ अशी त्यांची ओळख करून दिली जाते. ती बरोबरच आहे. पण त्यांच्या आयुष्याकडे आणखी एका बाजूने बघण्यासारखं आहे. ज्या नात्यांमध्ये त्या स्वतः राहत होत्या, त्याच नात्यांना त्यांनी अभ्यासाचा विषय केलं. मुलगी, मानलेली मुलगी, बायको, एका फार मोठ्या माणसाची सून, तीन मुलांची आई हे सगळं निभावत त्या शिकत राहिल्या. लग्न झालं की शिक्षण संपलं, असं धरण्याचा तो काळ होता. त्यांनी ते धरलं नाही.

ब्रह्मदेशातली नदी, पुण्यातलं घर

१५ डिसेंबर १९०५. ब्रह्मदेशातलं, म्हणजे आजच्या म्यानमारमधलं म्यिंजान हे गाव. गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. मुलगी झाली आणि तिथल्या मोठ्या नदीवरून तिचं नाव ठेवलं इरावती. पाच भाऊ आणि ही एकटी बहीण.

सात वर्षांची असताना तिला शिकायला पुण्याला पाठवलं. हुजूरपागेच्या वसतिगृहात. सात वर्षांची मुलगी, आईवडील समुद्रापलीकडे. हॉस्टेलला राहणाऱ्या तुमच्यापैकी कुणाला पहिल्या महिन्याचं रडू आठवत असेल, तर हे नुसतं डोळ्यांसमोर आणा. तेव्हा व्हिडिओ कॉल नव्हता आणि पत्राला उत्तर यायला कितीतरी दिवस लागत.

तिथे तिची मैत्री झाली शकुंतला परांजपेशी. शकुंतला ही रँग्लर र. पु. परांजपे यांची मुलगी. रँग्लर म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य आणि पक्के नास्तिक. शकुंतलाच्या आईने या मैत्रिणीला आपल्या घरीच ठेवून घेतलं. म्हणजे इरूला जन्माचं एक घर होतंच, आता दुसरं मिळालं. या दुसऱ्या घरात पुस्तकं होती, वाद होते आणि मुलींनी मत मांडण्यावर बंदी नव्हती. परांजप्यांच्या घरी येणाऱ्या न्यायाधीश बालकराम यांच्यामुळे तिला मानववंशशास्त्राची ओढ लागली, असं सांगतात.

जरा थांबून याचा विचार करा. आई कोण, वडील कोण, घर कुठलं, या प्रश्नांना बहुतेकांकडे एकच उत्तर असतं. इरावतीकडे लहानपणापासून दोन होती. रक्ताचं नातं आणि रोज एका ताटात जेवण्याचं नातं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे तिला कुठल्याही पुस्तकाच्या आधी कळलं होतं.

लग्नानंतरची विद्यार्थिनी

१९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन ती बीए झाली. त्याच सुमाराला दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी लग्न झालं. दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव. इरावतीच्या वडिलांना हे स्थळ फारसं पसंत नव्हतं. मुलगी एखाद्या संस्थानिकाच्या घरात पडावी, असं त्यांच्या मनात होतं. तिने मास्तर निवडला.

दक्षिणा फेलोशिप मिळवून ती मुंबईला डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकायला गेली. १९२८ मध्ये एमए झाली, बाविसाव्या वर्षी. प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण. म्हणजे जिथे जन्मली आणि जिथे लग्न होऊन गेली, तीच जात. आपल्या लोकांकडे बाहेरच्यासारखं बघायची सवय इथून सुरू झाली, असं म्हणायला हरकत नाही.

मग आला खरा पेच. पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जायचं होतं. दिनकर स्वतः जर्मनीत शिकून आलेले, त्यांचा पूर्ण पाठिंबा. विरोध कुणाचा? तर महर्षी कर्व्यांचा. ज्या माणसाने विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं, बायकांच्या शिक्षणासाठी सगळं आयुष्य वाहिलं, त्याच माणसाला स्वतःच्या सुनेने परदेशी शिकायला जाणं मान्य नव्हतं.

हे वाचून तुम्हाला चीड आली तर नवल नाही. पण अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात असतात. बाहेर अतिशय पुढारलेली आणि घरात एका ठरावीक रेषेवर थांबणारी. दिनकर आणि इरावती यांनी भांडण पेटवलं नाही आणि माघारही घेतली नाही. काँग्रेसमधले पुढारी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज काढलं आणि इरावतीबाई बर्लिनला गेल्या. सासऱ्यांशी नातं तुटलं नाही. निर्णय मात्र स्वतःचा राहिला.

कवट्या मोजल्या आणि गाइडच्या विरोधात उत्तर आलं

बर्लिनमध्ये त्या ज्या संस्थेत दाखल झाल्या ती होती कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूट. मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि वंशसुधार असे तिचे विषय. गाइड होते ऑयगेन फिशर. पुढे नाझींच्या वंशवादी धोरणांना याच संस्थेने आणि याच फिशर यांनी शास्त्राचा आधार पुरवला. इरावतीबाई तिथे होत्या तेव्हा हिटलर सत्तेवर यायचा होता, पण गोरे युरोपीय श्रेष्ठ ही समजूत तिथल्या प्रयोगशाळेच्या भिंतींत मुरलेली होतीच.

त्यांना दिलेला विषय होता माणसाच्या कवटीची असमानता. कवटीची उजवी आणि डावी बाजू तंतोतंत सारखी नसते. फिशर यांची अपेक्षा अशी होती की या फरकाचा वंशाशी संबंध निघेल आणि युरोपीय माणसाची बुद्धी वरचढ असल्याचा पुरावा हाती येईल. इरावतीबाईंनी शंभराहून जास्त कवट्या घेऊन एकेक माप नोंदवलं. उत्तर आलं, असा काही संबंध नाही.

परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज, डिग्री गाइडच्या हातात. अशा वेळी आकडे थोडे इकडेतिकडे करायचा मोह किती जणांना आवरला असता? पंचविशीच्या आतल्या या विद्यार्थिनीने आकडे जे सांगत होते तेच लिहिलं. पदवी मिळाली आणि १९३० मध्ये त्या भारतात परत आल्या.

त्यांच्या कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी. बर्लिनला शिकलेली मोजमापाची पद्धत त्यांनी पुढेही सोडली नाही. वेगवेगळ्या जाती-जमातींच्या लोकांची डोकी, नाकं, उंची मोजून गटांमधले संबंध शोधायचं काम त्या बरीच वर्षं करत राहिल्या. आजचे अभ्यासक त्या पद्धतीकडे संशयाने बघतात, आणि ते योग्यच आहे. मोठ्या माणसाचं सगळंच बरोबर असतं असं नाही. पण त्यांच्या कामातला जो भाग आजही टिकून आहे, तो मोजपट्टीतून आलेला नाही. तो आला लोकांशी बोलण्यातून.

'तुमच्याकडे काय म्हणतात?'

परत आल्यावर पाचेक वर्षं त्या मुंबईला महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रार होत्या. कचेरीचं काम. ते त्यांच्या जिवाला मानवलं नसावं. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये समाजशास्त्राच्या रीडर म्हणून त्या रुजू झाल्या आणि शेवटपर्यंत तिथेच रमल्या. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेत लांघणजला त्या उत्खननालाही गेल्या. तिथे अश्मयुगातल्या माणसांचे सांगाडे सापडले.

याच काळात नात्यांचा अभ्यास सुरू झाला. आधी वेदांमधले आणि महाभारतातले नात्यांचे शब्द गोळा केले. मग प्रत्यक्ष प्रवास. बस, रेल्वे, बैलगाडी, पायी. सोबत कधी विद्यार्थी, कधी स्वतःचीच मुलं. नात्यांचे शब्द, लग्नाचे नियम, म्हणी, बायकांची गाणी, भांडणं, वाटण्या, सगळं वहीत जात होतं. त्यातून १९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. तेव्हा त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. भारतीय संस्कृती समजून घ्यायची तर भाषेचा प्रदेश, जात आणि कुटुंब या तीन गोष्टी आधी समजल्या पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी देशाचे चार भाग केले. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. उत्तरेत लग्न लांब करायचं. गावातल्या गावात नाही, नात्यात तर नाहीच. आईच्या आणि बापाच्या, दोन्हीकडच्या गोत्रांपासून दूर. त्यामुळे लग्न होऊन गेलेली मुलगी पूर्ण अनोळखी घरात जाऊन पडते. माहेरी ती गावाची लेक, मोकळी हिंडणारी. सासरी ती सून, पदराआड. दक्षिणेत उलट. तिथे मामाशी, मामेभावाशी, आतेभावाशी लग्न चालतं. सासू म्हणजे कधी सख्खी आत्या, तर कधी चक्क आजी. सासर म्हणजे तोडलेलं माहेर नाही, ओळखीचीच माणसं. उत्तरेत लग्नाने नवी नाती जोडली जातात, दक्षिणेत जुनीच घट्ट होतात.

आणि महाराष्ट्र? तो मध्ये. आपण मराठी माणसं या दोन पद्धतींच्या उंबरठ्यावर उभी आहोत. बोलतो उत्तरेकडच्या कुळातली भाषा, पण अनेक समाजांत मामाची मुलगी हक्काची. चुलत आणि मावस भावंडं मात्र सख्ख्यासारखी, तिथे लग्नाचं नाव काढायचं नाही.

पुरावा हवा असेल तर लांब जायला नको, आपलीच भाषा तपासा. हिंदीत बायकोच्या भावाला एक शब्द आणि बहिणीच्या नवऱ्याला दुसरा. एकाला शिवी म्हणून वापरतात आणि दुसऱ्याला पानावर बसवून वाढतात. मराठीत दोघंही मेहुणेच! जुन्या घरांत सून सासूला आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्याला मामंजी. कधी विचार केलात का, परक्या घरात गेलेली मुलगी तिथल्या माणसांना माहेरच्या नात्यांची नावं का देते? एके काळी ती सासू खरोखरच आत्या असायची, याची ही खूण असू शकते. रोज तोंडात असलेल्या शब्दांत आपल्या पणजीच्या पणजीची लग्नं लपलेली असतात.

एकत्र कुटुंबाची त्यांनी केलेली व्याख्याही अशीच साधी. एका छपराखाली राहणारे, एका चुलीवरचं जेवणारे, मालमत्ता सामाईक असणारे, एकत्र पूजाअर्चा करणारे आणि एकमेकांच्या नात्यातले. समाजशास्त्र घेतलेल्यांनी ही परीक्षेत लिहिली असेल. आता स्वतःच्या घराला लावून बघा. छप्पर वेगळं, चूल वेगळी, पण गावाकडची जमीन अजून सातबाऱ्यावर सगळ्यांच्या नावाने आणि गणपतीला सगळे एकत्र. मग तुमचं कुटुंब एकत्र की विभक्त? उत्तर पटकन देता येत नाही, हीच तर मजा आहे.

पुढे जातीवर लिहिताना त्यांनी आपले गुरू घुर्ये यांच्याशीही मतभेद मांडला. मूळ एक समाज फुटत जाऊन जाती झाल्या, हे त्यांना पटत नव्हतं. आधीपासून वेगवेगळे असलेले गट शेजारी येऊन बसले, आपापसात लग्नं करत राहिले, आणि त्यातून हा समाज बनला, अशी त्यांची मांडणी होती. जात म्हणजे लांबवर पसरलेलं नातलगांचं जाळं. बर्लिनच्या गाइडला नाही म्हणणारी मुलगी मुंबईच्या गाइडलाही नाही म्हणाली. गुरूचा मान ठेवून असं करता येतं, हे पीएचडी करणाऱ्यांनी नोंदवून ठेवावं!

घर कसं चालायचं?

आता तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. तीन मुलं, नोकरी, महिनोन्महिने भटकंती. घर कोण बघत होतं?

बऱ्याच अंशी दिनकर कर्वे. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, पण घरचे हिशोब, व्यवस्था हे त्यांनी आपलं मानलं होतं. बायको बाहेर पडताना तिच्या पर्समध्ये पैसे आहेत ना, स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना, हे ते बघायचे, असं सांगतात. हो, स्कूटर. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून इरावतीबाईंचं नाव घेतात. पुणेकरांना बोलायला आणखीही विषय होते. या बाई कुंकू लावत नाहीत, मंगळसूत्र घालत नाहीत, नवऱ्याला सरळ दिनू म्हणून हाक मारतात. सगळ्या देशातल्या बायका नवऱ्याचं नाव का घेत नाहीत याचा अभ्यास करणारी बाई स्वतः मात्र ते मोकळेपणाने घेत होती.

त्यांची मुलंही आपापल्या वाटेने मोठी झाली. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या लेखिका, आनंद कर्वे शास्त्रज्ञ. गौरी देशपांडे यांच्या कथा-कादंबऱ्या वाचल्या असतील तर लग्न, मोकळीक, नातं हे प्रश्न त्या घरात किती जिवंत होते हे लक्षात येईल.

आणि सासरे? महर्षी कर्वे शंभरी ओलांडून जगले. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. १९६२ मध्ये ते गेले. इरावतीबाईंनी त्यांच्यावर लिहिलं, पण आरती ओवाळली नाही. समाजासाठी सगळं देऊन टाकणाऱ्या माणसाच्या घरच्यांना काय सोसावं लागतं, पैशाची ओढाताण कशी असते, बायकोच्या वाट्याला काय येतं, हे त्यांनी लिहिलं. त्याचं सार असं, की अशा माणसाची सून होता आलं हे आपलं भाग्य, आणि त्याची बायको व्हावं लागलं नाही हे त्याहून मोठं भाग्य. यात प्रेम आहे, आदर आहे आणि सासूबाईंच्या कष्टांचा हिशोबही आहे. महर्षींच्या पुतळ्यासमोर हार घालून निघून येणं सोपं असतं. त्यांच्याच घरात राहून, त्यांचं मोठेपण मान्य करून, त्याची किंमत कुणी मोजली हे विचारायला वेगळी हिंमत लागते.

रँग्लर परांजप्यांवरही त्यांचा लेख आहे. त्याचं नाव 'दुसरे मामंजी'. परांजपे कर्व्यांच्या नात्यातलेच. म्हणजे ज्यांनी मुलीसारखं वाढवलं तेच लग्नानंतर नात्याने सासरेही लागले! नात्यांच्या शास्त्रज्ञाला याहून चांगलं उदाहरण कुठलं मिळणार?

मी कोण?

१९४९ च्या 'परिपूर्ती' या पुस्तकात त्याच नावाचा एक छोटा लेख आहे. एका समारंभात इरावतीबाईंची ओळख करून दिली जाते. अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी, असं सगळं. तरी त्यांना वाटत राहतं, काहीतरी राहिलं. घरी जाताना रस्त्यावर खेळणारी शाळकरी मुलं एकमेकांना सांगतात, की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. आणि बाईंना वाटतं, आता ओळख पुरी झाली.

हा लेख वाचून वर्गात भांडणं होतात, आणि व्हायलाच हवीत. एवढी शिकलेली बाई, बर्लिनची डॉक्टर, आणि शेवटी समाधान कशात, तर अमक्याची आई असण्यात? काहींना हे गोड वाटतं, काहींना खटकतं. मला वाटतं, त्यात बाई गालातल्या गालात हसतायत. बाईची ओळख कायम कुणाची तरी कोण अशीच करून दिली जाते, हे त्यांना नीट माहीत होतं. तरीही त्या मुलांचं बोलणं ऐकून बरं वाटलं, हेही त्यांनी लपवलं नाही. दोन्ही खरं असू शकतं. नात्यांनी आपल्याला बांधलेलंही असतं आणि घडवलेलंही असतं. त्या नात्यांचा अभ्यास केला म्हणून त्यांच्याबाहेर पडता येत नाही. पण आपण कुठे उभे आहोत, हे दिसतं.

याच पुस्तकात पंढरीच्या वारीवरचा 'वाटचाल' हा लेख आहे. नास्तिकाच्या घरात वाढलेली ही बाई वारकऱ्यांबरोबर पायी चालली. विठोबाला तर पुढे एका लेखात त्यांनी चक्क बॉयफ्रेंड म्हटलं. वारीतलं प्रेम त्यांनी मनापासून अनुभवलं, आणि एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगवेगळे बसतात हेही लिहून ठेवलं. दिवसभर एकत्र चालायचं, एकाच देवाचं नाव घ्यायचं आणि ताट मात्र वेगळं. ज्यांनी कुटुंबाची व्याख्याच एका चुलीवर जेवणारे अशी केली, त्यांना हे किती सललं असेल बघा.

महाभारत नावाचं कुटुंब

साठी ओलांडली तेव्हा इरावतीबाई पुन्हा विद्यार्थी झाल्या. पुण्यातच भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली होती. ती समोर ठेवून त्यांनी महाभारत वाचलं, एका कुटुंबाची केस फाइल वाचावी तसं. १९६७ मध्ये 'युगान्त' आलं आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला.

'युगान्त'मध्ये देव नाहीत, चमत्कार नाहीत. माणसं आहेत. भीष्म स्वतः लग्न करत नाही, पण घराण्यासाठी दुसऱ्यांच्या बायका आणत राहतो आणि त्या बायकांच्या वाट्याला काय येतं हे बघत नाही. गांधारीला आंधळ्या नवऱ्याला दिलं जातं. तिने डोळ्यांवर बांधलेली पट्टी म्हणजे पतिव्रतेची खूण, असं आपण ऐकत आलो. इरावतीबाईंना त्यात एका फसवल्या गेलेल्या मुलीचा राग दिसतो. कुंतीला लहानपणीच सख्ख्या बापाने दुसऱ्याला देऊन टाकलं, आणि पुढेही पुरुषांनी घेतलेल्या निर्णयांचं ओझं ती वाहत राहिली. युधिष्ठिराचा बाप विदुर असेल का, हा प्रश्न त्या सनसनाटीसाठी विचारत नाहीत. नवऱ्याला मूल होत नसेल तर दिराकडून, ही त्या काळची रीत. नातेव्यवस्थेचा नियम लावला तर कुठे पोचतो, एवढंच त्या बघतात, आणि प्रश्न प्रश्नच ठेवतात.

कुंती आणि इरावती दोघीही लहानपणी दुसऱ्या घरात वाढल्या. एकीच्या आयुष्यात ती जखम झाली, दुसरीच्या आयुष्यात संधी. कुंतीवर लिहिताना हे त्यांच्या मनात आलं असेल का? ते 'युगान्त' वाचून तुम्हीच ठरवा.

त्यानंतरही काम थांबलं नाही. कोयना धरणामुळे उठवल्या गेलेल्या लोकांची पाहणी त्यांनी लेक जाई निंबकर यांच्यासोबत केली, ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. आई आणि मुलगी, दोघी मिळून, घरं हरवलेल्या माणसांना विचारत होत्या की तुमची भावकी कुठे गेली, शेजार कुठे गेला. धरणाने जमीन जाते हे सरकारच्या कागदावर असतं. नाती विखुरतात, हे कुणीतरी जाऊन विचारावं लागतं. ११ ऑगस्ट १९७० रोजी, चौसष्टाव्या वर्षी, इरावतीबाई गेल्या. अलीकडे त्यांच्या नातीनेच त्यांचं इंग्रजी चरित्र लिहायला घेतलं आणि एका अभ्यासकाच्या जोडीने पूर्ण केलं. म्हणजे घरच्यांनी घरच्यांचा अभ्यास करायची रीत पुढे चालू आहे.

आता तुमची पाळी

तुमच्यातल्या अनेकांच्या घरी आज नात्यांवरूनच वाद चालू असतील. लग्न जातीत की बाहेर, पुढचं शिक्षण कुठे, लग्नानंतर नोकरी चालेल का, आजीला कोण सांभाळणार. अशा वेळी आपल्याकडे दोनच रस्ते आहेत असं वाटतं. ऐकायचं किंवा तोडायचं. इरावतीबाईंच्या आयुष्यात तिसरा रस्ता दिसतो. विचारायचा. हे असं का आहे, कधीपासून आहे, याचा फायदा कुणाला आणि ओझं कुणावर? सासऱ्यांचा विरोध असताना त्या बर्लिनला गेल्या. त्याच सासऱ्यांना समजून घेत पुढे त्यांच्यावर लिहिलंही.

सुट्टीत गावी जाल तेव्हा आजीजवळ वही घेऊन बसा. तिचं लग्न कसं ठरलं, सासरी पहिल्या दिवशी तिने कुणाला काय हाक मारली, माहेरी किती वर्षांनी गेली, हे विचारा. घरातल्या इतक्या साध्या गोष्टी कोण विचारतं, असं म्हणून ती आधी उडवून लावेल. पाच मिनिटांनी बोलायला लागेल. आजोबा मध्येच दुरुस्त करायला आले, तर त्यांचं उत्तर वेगळ्या पानावर लिहून घ्या. एकाच घरातली ही दोन उत्तरं सारखी नसतील, आणि तुमचा अभ्यास तिथूनच सुरू होईल.